बाजेखालची शेगडी

पोशीरच्या भागीला मुलाची ओढ होती आणि माहेरचीही; या दोन ओढी तिच्या मनात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. लग्न झाल्यापासून नवरा, नामा, तिला मारी. भात करपले म्हणून, बैल उशिरा सोडले म्हणून. सासू ओटीवरून म्हणे, "नवरा हाय तुजा. मंग दुसऱ्याच्या बायकोला मारंल का?"

पळसदरीचे माहेर दूर नव्हते. परंतु मार खाऊन आलेल्या लेकीला बाप त्याच दिवशी परत पोचवी. राहायला जाण्याचे सर्वमान्य कारण एकच : पहिले बाळंतपण. म्हणून, सत्तावन्न साली दिवस राहिले तेव्हा, भागीला आधी आईची पडवी आठवली.

मुलगी झाली. जनी. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओव्याची धुरी. तेल चोळताना आईचा हात पाठीवरच्या वळांपाशी थांबला. "आता लेकुरवाळी झालीस," ती म्हणाली, "आता नाय मारनार." सव्वा महिन्याने नामा न्यायला आला. मार थांबला नाही. पुढची बाळंतपणे रीतीप्रमाणे सासरीच झाली. प्रत्येक वेळी कळा ओसरल्यावर भागी डोळे मिटून त्या पहिल्या शेगडीची ऊब शोधत राही.

पुढे जनी पहिलटकरीण होऊन पोशीरला आली, बाळंत झाली. तेल चोळताना भागीचा हात थांबला. तसेच वळ. आईचे वाक्य ओठांवर आले. तिने ते गिळले.

सव्वा महिना झाला, जावई चांगो मोहोपाड्याहून आला. भागीने त्याला चहा देऊन परत पाठवले. चैत्रात तो पुन्हा आला.

"मामी, पोराला दात येतील आता. अजून शेक चाललाच?"

"पाय बघ तिचे. गार हायत."

"भर चैतात?"

"भर चैतात."

नामा ओटीवरून ओरडला, "लोक हसतील गं! धाड तिला!"

"हसू द्या. माजी बाळंतीन अजून उठली नाय." मग जावयाकडे वळून ती सावकाश म्हणाली, "तिची पाठ मी रोज चोळते, चांगो."

चांगोने मान खाली घातली. चहा न घेताच तो निघाला.

भागीने शेगडीत नवे निखारे घातले. जनी बाजेवर पडून होती, पोर तिच्या कुशीत. भागी खाली बसली आणि बाजेला टेकली. ऊब आपल्याही पाठीला लागेल, इतकी जवळ.