गोडं पाणी शोधत मुरबाडकडे

निघताना बाबांनी कागदात बांधलेला साबणाचा तुकडा हातात दिला. "वास जुळवायपुरता ने. हरवू नको गो."

अक्काआत्या, बाबांची थोरली बहीण, दर भाऊबीजेला त्यांना घरी केलेला साबण द्यायची. गेल्या वर्षी ती गेली. हा तिचा शेवटचा तुकडा. बाबा तो वापरत नव्हते, त्यांनी तो नुसता जपून ठेवला होता.

यंदाच्या भाऊबीजेला तसाच साबण करायचा मी चंग बांधला होता. पण वाशिंदच्या आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. साबणासाठी कॉस्टिक सोडा घातला की गढूळ, वड्यांवर पांढरे ठिपके, फेस नावाला. डिस्टिल्ड वॉटर आणलं की प्रश्न मिटतो, हे मलाही कळतं! पण आत्या म्हणायची, "साबनाला गोडं पानी लागतं." मला तेच हवं होतं.

रविवारी स्कूटरला दोन रिकामे कॅन बांधले. शहापूरपर्यंत हायवे. नाश्ता तिथेच उरकून घ्या; मी भजीपाव आणि चहा घेतला, पन्नासात पोट भरलं. पुढे किन्हवलीवरून सरळगावकडे जाणारा रस्ता मधूनमधून उखडलेला, पण दोन्ही बाजूंना पोटरीला आलेला भात. लहानपणी एसटीत याच रस्त्यावर "आत्याचं घर कधी येणार?" म्हणून बाबांना भंडावून सोडायचे. आज रस्ता फार लवकर संपला आणि उगाच वाईट वाटलं.

मुरबाडजवळच्या आत्याच्या गावात देवळापाशीच्या विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायले. अहाहा! हेच ते गोडं पाणी. दोन्ही कॅन काठोकाठ भरले. आत्याची शेजारीण सुंदराकाकी बघत होती.

"कशाला गो एवढं पानी?"

"साबणाला. गोडं आहे ना!"

काकी पदर तोंडाला लावून हसली. "ह्ये जिभेला गोड. साबनाला नाय चालत. ज्यात तुरीची डाळ शिजते, त्याला आमी गोडं म्हनतो. ते खालच्या विहिरीचं."

मला पटेना. आत्याचा साबणही याच पाण्याचा असणार, म्हणत मी बाबांनी बांधून दिलेला तुकडा पिशवीतून काढला. तिने दोन तांब्यांत दोन्ही पाणी घेतलं, माझ्या हातातला कागद उघडला आणि मी "अगं काकी!" म्हणेपर्यंत तुकडा चोळायला सुरुवातही केली. देवळाच्या पाण्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या. खालच्या विहिरीच्या पाण्यात भरगच्च फेस. तुकडा मात्र निम्माच उरला. आता बाबांना काय सांगणार? त्यात त्या वासाने आत्याची मोरी डोळ्यांपुढे उभी राहिली आणि मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? तुजी आत्या पानी असंच पारखून बघायची," काकी म्हणाली.

कॅन ओतून खालच्या विहिरीवर पुन्हा भरले.

घरी पाणी गाळून खोबरेलाचा साबण केला (कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही). सहा आठवडे वाळवला. भाऊबीजेला वडी बाबांपुढे ठेवली, शेजारी उरलेला तुकडा, आणि खरं काय ते सांगून टाकलं. राखून ठेवलेलं विहिरीचं पाणी मी त्यांच्या हातांवर ओतलं. त्यांनी नवी वडी चोळली, हात नाकाशी नेले.

"वास अक्काचा नाय," ते म्हणाले. पुन्हा हात चोळून म्हणाले, "फेस तिचाच."

मग ओल्या वडीच्या पाठीवर त्यांनी अक्काचा तुकडा अंगठ्याने दाबून चिकटवला आणि ती वडी आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.