चौघांच्या नावाची पत्रं

माझ्या वडिलांचं नाव इथं लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही. त्या काळी महाद्वार रोडला उभं राहून त्या नावानं हाक मारली असती तर चार माणसांनी मागं वळून बघितलं असतं, आणि त्यातल्या तिघांना अख्खं कोल्हापूर ओळखत होतं. आडनावही एकच. नातं म्हणाल तर काडीचं नाही.

एक होते पैलवान. खासबागेत त्यांची कुस्ती असली की आमच्या गल्लीतले गवळी त्या दिवशी म्हशींची धार लवकर काढायचे, म्हणजे मैदानाला जायला मोकळे. मग वकील. संस्थान विलीन झालं, इथलं हायकोर्ट गेलं, तेव्हा बऱ्याच वकिलांची तोंडं उतरली. हे मात्र अपिलं घेऊन मुंबईला जायला लागले आणि होते त्याहून मोठे झाले. आणि पेंटर, सिनेमाच्या स्टुडिओतले पडदे रंगवणारे. त्यांनी रंगवलेल्या राजवाड्याच्या जिन्यावर एक नवखा नट खरंच पाय ठेवायला गेला आणि नाक फोडून घेतलं, असं लोक सांगायचे. खरं-खोटं देव जाणे.

चौथे आमचे आबा. नगरपालिकेत आवक-जावक कारकून. इतके किडकिडीत की कमरेच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं तीन जादा भोकं पाडली होती. गावाला माणूस ओळखायला नावापुढं काहीतरी लागतं. त्या तिघांना आयतं होतं, आबांना काहीच नव्हतं. कुणी विचारलं, की गल्लीतली माणसं हात झटकून म्हणायची, "पैलवान न्हवं ओ. वकील बी न्हवं. ते दुसरं." आबांचं नाव असं "ते दुसरं" पडलं. मला लहानपणापासून त्या शब्दाची चीड होती. आबा हसायचे. त्यांना कशाचाच राग यायचा नाही, आणि मला त्याचाही राग यायचा.

बाहेरगावचे लोक पत्रावर पेठ लिहीत नसत. नाव आणि खाली कोल्हापूर, संपलं. चौघांची पत्रं इकडची तिकडं व्हायला लागली तेव्हा आबांनीच पोस्टमनला सांगितलं, त्या नावाचं काहीही आलं तर आमच्याकडं टाकत जा, मी लावतो मार्गाला. दिवसभर कचेरीत तेच करायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच. हौस दांडगी! संध्याकाळी चहा झाला की सतरंजीवर पत्रं मांडून बसायचे. पाकीट फोडायचं नाही हा त्यांचा नेम. शिक्का बघायचा, अक्षर बघायचं. पंजाबचा शिक्का म्हणजे पैलवान, तिकडच्या आखाड्यांचं बोलावणं. मुंबई आणि टाइप केलेला पत्ता म्हणजे पेंटर. शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड म्हणजे वकील, कारण नदीकाठच्या माणसांची बांधाची आणि पाण्याची भांडणं वकिलांकडं असायची. मग सायकल काढून तिन्ही घरं फिरून यायचे. आमचे नातेवाईक कार्डं टाकायचे. कार्डावर मजकूर उघडाच असतो. बंद पाकीट आमच्या घरी येण्याचं काही कारणच नव्हतं.

मी विसावं सरून एकविसाव्यात गेले, तेव्हाची गोष्ट. मॅट्रिक झाले होते. दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्हीकडून एकच निरोप आला होता, मुलगी फटकळ आहे. आईनं नवस बोलून ठेवले होते, कुठकुठल्या देवाला ते तिचं तिलाच माहीत. अशात एका लांबच्या मावशीनं शिरोळचं स्थळ सुचवलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी उसाची शेती. मावशीनं तिकडं कळवलं ते एवढंच, की घर चांगलं आहे, वडिलांचं नाव अमुक अमुक, गावात कुणालाही विचारा.

झालं! त्यांनी विचारलं की. मुलगी बघायच्या आधी तिच्या बापाची गुपचूप चौकशी करायची, ही आमच्याकडची रीतच आहे. मुलाचा मामा आदल्या दिवशी येऊन गावभर फिरला. तालमीत विचारलं, कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर विचारलं, पानाच्या दुकानात विचारलं. आता कोल्हापूरकर मरेल, पण "मला माहीत न्हाई" म्हणणार नाही. ज्यानं त्यानं आपापल्या ओळखीच्या माणसाचं गुणगान केलं. मामानं ते सगळं एका माणसावर चढवलं. माणूस तरुणपणी नामांकित पैलवान, पुढं वकिली, शिवाय चित्रकलेचं अंग, सिनेमावाल्यांत उठबस. मामाला त्यात काही नवल वाटलं नाही. कोल्हापूर म्हटल्यावर असेल बाबा असा एखादा.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. मुलगा, त्याचे वडील आणि मामा आमच्या दोन खोल्यांच्या घरात येऊन बसले. आबांनी कचेरीचा कोट घातला होता. मी स्वयंपाकघराच्या दाराआड पोह्यांच्या बशा भरत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"वकीलसाहेब," मामा म्हणाला, "पुस्तकांची कपाटं हापिसात ठिवली असतील न्हवं?"

आबा खोकले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

"तुमच्या कुस्त्यांचं लई ऐकलं तालमीत," मामा म्हणाला, आणि मग त्याची नजर आबांच्या मनगटावर गेली असावी. "आता व्यायाम सुटला म्हणायचा."

"सुटला," आबा म्हणाले.

एवढा एकच शब्द. पण त्यांच्या आवाजात काहीतरी मी कधी न ऐकलेलं होतं. माणूस सुखावला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडं वकील आणि पैलवान म्हणून मुलीची सोयरीक करायची, आणि उद्या कळल्यावर मान खाली कुणी घालायची? मी बशा नेऊन ठेवल्या, पदर सावरला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पैलवान गंगावेशीत राहतात. वकील ताराबाई रोडला. पेंटर स्टुडिओजवळ. हे माझे वडील. नगरपालिकेत कारकून आहेत, आणि आयुष्यात कधी लाल माती अंगाला लावलेली नाही."

आई दारात तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मुलगा फस्सकन हसला आणि लगेच खाली मान घालून पोह्यांकडं बघायला लागला. ते हसू कुचेष्टेचं नव्हतं, मला ते तेवढ्यातही कळलं. आणि खरं सांगायचं तर तिथंच तो मला आवडला. मामा मात्र ताडकन उठला. "म्हंजे आमास्नी फसीवलं व्हय?" मुलाचे वडील जागचे उठले नाहीत. त्यांनी बशीतले पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, पाणी प्याले, नमस्कार केला आणि तिघंही गेले.

"जिभेला काही हाड?" आईनं सुरुवात केली ती दोन दिवस थांबली नाही. तिसऱ्या दिवशी आबा पत्रं लावता लावता खाली मान घालून म्हणाले, "पाच मिनिटं झालो होतो मी वकील. बरं वाटलं गं." मी आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले. मी खरं बोलले होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती. दोन्ही एकदम वाटतं माणसाला, ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी पोस्टमनची वाट बघायला लागले. कुणाला बोलून दाखवलं नाही. कोण काय लिहिणार होतं मला? तरी सायकलची घंटा वाजली की दाराशी मीच जायची. दोन आठवड्यांनी एक जाडसर पाकीट आलं. आबांचं नाव, खाली मुक्काम पोस्ट कोल्हापूर. शिक्का शिरोळचा.

संध्याकाळी आबा सतरंजीवर बसले तेव्हा मी ते पाकीट मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं. त्यांनी उचललं, शिक्का बघितला आणि वकिलांच्या गठ्ठ्यात टाकलं.

"आबा, ते कुणाचं?"

"वकिलांचं. शिरोळचं म्हणजे पाण्याची भांडणं."

मी दोन स्थळं जिभेनं घालवलेली पोरगी. परक्या तीन पुरुषांसमोर बापाची अब्रू बशीत घालून ठेवली होती. आणि त्या संध्याकाळी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कसा फुटणार? आबा, ते फोडा, त्या मुलाकडचं असेल, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? लग्नाची घाई झालेली दिसतेय, असं आई म्हणाली असती. आबांनी सायकल काढली. सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्यावरच्या गठ्ठ्याकडं बघत राहिले.

वकील तेव्हा मुंबईला गेलेले होते. त्यांच्या कारकुनानं पाकीट बाकीच्या पत्रांबरोबर टेबलावर रचून ठेवलं. माघ संपत आला, शिमग्याच्या टिमक्या वाजायला लागल्या. मी मनात सगळ्यावर पाणी सोडलं. आईनं मात्र पुन्हा मावशीला कार्ड टाकलं, दुसरं एखादं बघ म्हणून.

एका सकाळी दाराशी मोटार थांबली. वकील स्वतः उतरले. आमच्या घरी ते त्याआधी कधी आले नव्हते. इतकी वर्षं त्यांची पत्रं आबा पोचवत होते, त्या दिवशी ते आबांचं पत्र घेऊन आले. "माफ करा, माझं समजून फोडलं," म्हणाले. "रात्री मुंबईहून आलो, मगाशी वाचलं. बसत नाही, तुम्ही आधी हे बघा."

आबांनी उभ्यानंच वाचलं. पत्र मुलाच्या वडिलांचं होतं. मुलगी पसंत आहे, लिहिलं होतं. मामाचं डोकं गरम आहे, तिकडं लक्ष देऊ नये. ज्या घरात पोरगी बापादेखत खरं बोलते आणि बाप तिच्यावर हात उचलत नाही, ते घर आम्हाला चालेल. महिन्याभरात कळवावे. न कळवल्यास तुमची इच्छा नाही असे समजून आम्ही दुसरीकडे बघू. महिना होऊन आठ दिवस गेले होते.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "तू विचारलं होतंस," म्हणाले. "कुणाचं म्हणून विचारलं होतंस तू." मी मान डोलावली. त्यांनी कोट चढवला, कचेरीत निरोप ठेवला आणि एस.टी. स्टँडकडं अक्षरशः पळत सुटले. त्यांना पळताना मी जन्मात तेवढंच एकदा बघितलं. आईनं जेवून तरी जा म्हटलं ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

शिरोळला काय झालं ते आबांनी आम्हाला पुरतं कधी सांगितलं नाही. ते वाटेतल्या गर्दीबद्दल आणि उसाच्या गाड्यांबद्दल बोलत राहिले. मला कळलं ते दार उघडणाऱ्या बाईकडून. घामानं भिजलेला कोट घातलेला एक वाळका माणूस दारात उभा. त्यानं नाव सांगितलं. बाई आत वळून ओरडली, "अवो, ते कोल्लापूरचं वकील आल्यात बघा!"

"न्हाई, न्हाई," तो माणूस म्हणाला. "वकील न्हवं. पैलवान न्हवं, पेंटर बी न्हवं. तुमच्या माणसांम्होरं जी पोरगी बोलली न्हवं का, तिचा बाप मी."

दुसऱ्या दिवशी ते लोक जयसिंगपूरला एक मुलगी बघायला निघणार होते. ते गेले नाहीत. ती दार उघडणारी बाई माझ्या सासूबाई. मरेपर्यंत त्या ही गोष्ट सांगायच्या, आणि "तिचा बाप मी" म्हणताना छातीवर हात मारून दाखवायच्या. आबांनी छातीवर हात मारला असेल असं मला वाटत नाही. पण त्यांना तसं दिसलं, तर असू दे.

लग्नाला तिघंही आले. पैलवान पंगतीत बसले तेव्हा वाढप्यांचे डोळे पांढरे झाले. पेंटरांनी बोहल्यामागचा पडदा रंगवून दिला, त्यावर पंचगंगेचा घाट होता. आमच्या गल्लीत आबांचं "ते दुसरं" काही सुटलं नाही. शिरोळात मात्र त्यांना सगळे माझ्या नावानं ओळखायचे.

मी तिकडून दर पंधरवड्याला पाकीट टाकायची. कार्ड टाकायची नाही, मुद्दाम पाकीट. आणि आबांची संध्याकाळची पद्धत एका बाबतीत बदलली, असं आई सांगायची. शिरोळचा शिक्का दिसला की अक्षरही न बघता आधी स्वतःजवळ ठेवायचे आणि फोडायचे. त्यात वकिलांची पाण्याच्या भांडणांची चार पत्रं आमच्या घरी फुटली. आबा दर वेळी सायकलवरून माफी मागायला जायचे, आणि दर वेळी वकील म्हणायचे, "असू दे. तुमच्या लेकीचं कधी आलं ते सांगा."