पाणी सोडू का?

ठिबकच्या काळ्या पाइपाचं तोंड आधी गरम पाण्यात धरायचं असतं. मग ते मऊ पडतं आणि प्लॅस्टिकचा जोड आत सरकतो. हे दुकानातल्या माणसाने मला सांगितलं नाही. त्याने 'टू ईझी, नो वरीज' म्हणून पिशवी हातात दिली आणि मी घरी येऊन दुपारभर पाइप आणि जोड एकमेकांत कोंबत बसले. अंगठ्याची साल निघाली. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, एखादा व्हिडिओ बघ ना आधी." मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो आत गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही. व्हिडिओ मी नंतर गुपचूप पाहिला आणि चहाचं पातेलं मागच्या अंगणात नेऊन ठेवलं.

हा सगळा उपद्व्याप बोन्सायसाठी. केलीव्हिलच्या आमच्या घरामागे, कुंपणालगतच्या लाकडी फळ्यांवर माझी तीसेक झाडं आहेत. जुनिपर, मेपल, दोन एल्म, आणि अगदी शेवटच्या फळीवर इथल्याच जातीचं एक फायकस. आम्ही पॅरामॅटाला भाड्याच्या युनिटमध्ये राहायचो तेव्हा ते पन्हाळीत उगवलं होतं, मी उपटून आणलं. आता त्याला पारंब्या फुटल्यात, त्यामुळे आपले लोक त्याला वडच म्हणतात. आलेगेले पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून मुळं, माती आणि परदेश असं काहीतरी भरल्या गळ्याने बोलतात. माझ्या डोक्यात जातं ते. झाड आहे, त्याला पाणी लागतं, बाकी काही नाही.

पण पाण्याचीच तर रड होती. ताटलीएवढ्या उथळ कुंड्या, त्यात मूठभर माती आणि इकडचा जानेवारी, म्हणजे ऐन उन्हाळा. सकाळी भिजवलेलं दुपारी कोरडंठाक. मी ऑफिसात, आणि नवऱ्याला झाडांचं सोयरसुतक नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. पुण्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात एकटे. मला ते आता इथेच राहायला हवे होते, कायमचे. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, जेवताना विचारलं, गाडीत विचारलं. उत्तर एकच, "बघू." आपल्यात 'बघू' म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण 'नाही' तर म्हणाले नाहीत ना, असं मी स्वतःला सांगत होते.

दुपारी ते झारी घेऊन झाडांना पाणी घालायचे. चाळीसच्या वर पारा, डोक्यावर टोपी नाही. एकदा घेरी येऊन पायरीवर बसले, आणि हे मला नवऱ्याने दुसऱ्या दिवशी, तेही बोलता बोलता सांगितलं. मी दोघांवरही भडकले. बाबांना उन्हात बाहेर पडायची बंदी केली. घरात पडदे लावून, एसी लावून बसायचं, असा हुकूम काढला आणि झाडांना ऑटोमॅटिक पाणी बसवायचं ठरवलं.

हे ऐकलं आणि बाबांच्या अंगातच आलं. त्यांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. धरणातून कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून शेतात, कुणाला पाणी कधी आणि किती, हेच नोकरीभर केलं. कालव्याला पाणी सुटलं की ते आठवडाआठवडा घरी नसायचे. आई म्हणायची, "हे तिकडे पाणी सोडतात आणि इकडे मी यांच्यावर पाणी सोडलंय." बाबा दर वेळी हसायचे. आई हसायची नाही.

तर ऊन उतरल्यावर ते हात मागे बांधून फळ्यांमधून फिरले आणि म्हणाले, "उतार कुठाय?"

"बाबा, नळाला प्रेशर असतं. उतार लागत नाही."

"उताराशिवाय पाणी जातं होय कुठे?"

असे आम्ही दोन शनिवार-रविवार भांडलो. नळ घराच्या कोपऱ्यापलीकडे, त्यामुळे ते नळाशी आणि मी फळ्यांशी, एकमेकांना दिसायचो नाही. ते तिकडून ओरडायचे, "पाणी सोडू का गं?" मी ओरडायची, "सोडा!" की थेंब पाडणारा कुठला तरी ड्रिपर फट्कन उडायचा आणि पिचकारी माझ्या तोंडावर. मग मी "बंद करा, बंद करा!" आणि त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते शांतपणे "काय?" तोवर मी नखशिखांत भिजलेली.

ड्रिपर उडायचे थांबले तर शेवटच्या फळीवर पाणीच पोचेना. वडाच्या नळीतून थेंबही नाही. बाबांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं. "शेपटाला पाणी नाही," ते म्हणाले. "आयुष्यभर हेच ऐकलं. वरचे सगळे पिऊन बसतात." मग त्यांनी वरच्या फळ्यांचे ड्रिपर आवळायला लावले. शेपटाला पाणी आलं आणि जुनिपर कोरडे राहिले. पुन्हा सैल, पुन्हा आवळ.

"बाबा, हा कालवा नाहीये, तीस कुंड्या आहेत!"

"तत्त्व तेच."

मला रडू फुटायचं बाकी होतं. पण आई गेल्यापासून बाबांना मी इतक्या चढ्या आवाजात बोलताना पाहिलं नव्हतं, हेही खरं. जेवतानासुद्धा चमच्यांचे पाइप मांडून ते मला समजावत होते. मी त्यातून माझा अर्थ काढला. जिथे राहायचं नाही तिथल्या पाण्यासाठी माणूस एवढा भांडेल का? रात्री नवऱ्याला म्हटलं, "बाबा थांबणार."

"असं म्हणाले ते?"

"म्हणायला कशाला हवं?"

शेवटी राहिला टायमर, नळाला अडकवायचा, बॅटरीवर चालणारा. त्याची बटणं तांदळाएवढी. तेवढ्यात आत कुकरच्या शिट्या सुरू झाल्या. मी म्हटलं, "बाबा, तेवढं घड्याळ लावा. सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहा." त्यांनी चष्मा चढवला. मी वरण उतरवून आले तोवर "लावलं" म्हणाले, आणि विषय संपला.

पुढचा आठवडा उन्हाने नुसती होळी केली. मी सकाळी बस पकडायला निघताना मातीला बोट लावून बघायची. ओलसर असायची. म्हणजे सहाचं पाणी झालं, असं मी धरून चालायची. संध्याकाळी सातनंतर येऊन बघावं तर माती कोरडी आणि पानांच्या कडा करपलेल्या. मी टायमरचं मिनिटांचं बटण तेवढं दाबून पाणी चालू राहायची वेळ वाढवली. पानं आणखी करपली. मेपल तर भाजलेल्या पापडासारखा, हात लावला की चुरा. मी ड्रिपरांना शिव्या घातल्या, दुकानातल्या माणसाला घातल्या, नळ तूच बंद करत असशील म्हणून नवऱ्याला घातल्या. बाबा माझ्या हुकमाप्रमाणे दिवसभर पडद्याआड टीव्हीसमोर. मी घरात पाऊल टाकलं की विचारायचे, "शेपटाला पोचलं का?" वडाने एव्हाना निम्मी पानं टाकली होती. मी "हो" म्हणायची.

शुक्रवारी मी घरून काम करत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी लॅपटॉप, मीटिंग चाललेली, बाहेर रणरणतं ऊन. बाहेर टक् असा आवाज झाला आणि पाइपातून सूं सूं ऐकू यायला लागलं. मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. मीटिंग तशीच टाकून बाहेर धावले आणि ठिबकाखाली हात धरला. हात झटकन मागे आला. उन्हात तापलेल्या काळ्या पाइपातलं ते पाणी, चहाला चाललं असतं. त्याच पाण्याने आठवडाभर मी माझी झाडं शिजवत होते.

टायमरवर सकाळचे सहा वाजले होते.

"बाबा! हे घड्याळ कसं लावलंत?"

बाबा टीव्हीचा आवाज बारीक करून दारात आले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सहालाच सुरू झालं ना? मग?"

त्यांचं मनगटी घड्याळ ते आल्यापासून पुण्याच्याच वेळेवर होतं. मी रोज बघत होते. आम्ही रात्री जेवायला बसलो की ते म्हणायचे, "आता तिकडे सगळे दुपारचे आडवे झाले असतील." मी हसायची, म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून सोडून द्यायची. टायमरही त्यांनी त्याच घड्याळावर लावला होता. तिकडचे सकाळचे सहा म्हणजे इथले साडेअकरा, आणि तिकडची संध्याकाळ म्हणजे इथली मध्यरात्र, म्हणून तर सकाळी माती ओलसर लागायची.

माझा तोल गेला. "एक घड्याळ फिरवता येत नाही तुम्हाला? इथे राहता, इथलं खाता, आणि वेळ तिकडची?" 'खाता' हा शब्द तोंडातून गेला आणि मला जीभ चावावीशी वाटली.

बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "जाताना पुन्हा फिरवावं लागलं असतं."

एवढंच. इतके महिने मी ज्या 'बघू'शी भांडत होते त्याचं उत्तर त्यांनी येताना विमानातच देऊन टाकलं होतं, आणि मला ते रोज दिसत होतं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. म्हटलं, "मला तुम्ही इथे हवे आहात, बाबा."

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि वाकून वडाची पडलेली पानं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून पाइप फळ्यांच्या खाली, सावलीत बांधत होते. बाबा बाहेर आले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तुझ्या वेळेवर लावून दे. माझ्या बोटांनी चावी ओढली जात नाही."

मी घड्याळ घेतलं, नखाने चावी ओढली. सेकंदकाटा थांबला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, कुंपणाकडे बघत होते. लहानपणी मला कडू औषध पाजताना आधी स्वतः चमचाभर घ्यायचे, तेव्हा त्यांचं तोंड असंच व्हायचं. मी काटे फिरवले असते तर ते राहिले असते. दिलेल्या शब्दावरून हा माणूस कधी मागे फिरलेला नाही. पडदे लावलेल्या त्या खोलीत, टीव्हीसमोर, माझ्यासाठी राहिले असते, आणि मला रोज विचारलं असतं, शेपटाला पोचलं का.

मी चावी आत दाबली. काटा चालायला लागला. "राहू दे," मी म्हटलं. "तिकडचीच वेळ असू दे." पट्टा त्यांच्या मनगटावर मीच आवळला. त्यांनी मनगट कानाशी नेलं, मग खाली केलं.

टायमर मी फोनवरच्या वेळेने लावला. ते कोपऱ्यापलीकडे नळाशी गेले, मी शेवटच्या फळीशी, वडाजवळ.

"पाणी सोडू का गं?" त्यांचा आवाज आला.

"सोडा," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. "काय?"

मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.