स्वेच्छेची सही

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझ्या आईचं लुगडं दोन बोटांच्या चिमटीत धरून बॅगेतून वर काढलं. हातात निळे मोजे होते, तरी चिमटीतच. बाकांवर बसलेले सगळे बघत होते. लुगडं टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "यू डोंट लिव्ह हिअर. यू जस्ट व्हिजिट."

पंधरा वर्षं मी शॉमबर्गमध्ये राहते. नवरा आयटीत होता, त्याच्याबरोबर नागपूरहून आले. आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं, आणि मग तो हार्ट अटॅकने गेला. मी डेकेअरमध्ये लोकांची तान्ही मुलं सांभाळली आणि मुलीला वाढवलं. दरवर्षी टॅक्स भरला. सिटिझनशिपचं करू, करू म्हणत राहून गेलं.

मग आईला लकवा मारला. तिला मी एकटीच. महिन्याभरात येते म्हणून गेले, ती दहा महिने अंथरुणावर होती. तिला भरवलं, पुसलं, तिची कूस बदलली. शेवटी तिला स्मशानात पोचवूनच निघाले. इथले शेजारचे काका फोनवर म्हणाले होते, "वर्षाच्या आत परत ये, काही होत नाही." ते अर्धंच खरं होतं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की दारातच विचारतात, तुझं घर नक्की कुठं आहे? विचारू देत. माझ्याकडे उत्तर होतं. अपार्टमेंट सोडलं नव्हतं. मुलगी इथेच कॉलेजात. डेकेअरने जागा राखून ठेवली होती.

उत्तर हवं होतं कुणाला?

विमानतळावरच्या त्या आतल्या खोलीत मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्लिशमध्येच दिलं. माझे उच्चार माझे आहेत, पण वाक्य सरळ असतं. तरी तो बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलायचा, एकेक शब्द तोडून. मग म्हणाला, हिला इंटरप्रीटर लागेल. मी म्हटलं, "आय डोंट नीड." त्याने फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडे बाई होती. स्वच्छ, धुतलेलं मराठी. "नमस्कार, मी तुमची दुभाषी. काळजी करू नका हं." दहा महिन्यांनी या देशात पाऊल ठेवल्यावर कानावर पडलेला तो पहिला गोड आवाज. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

सांगितलं. आडनावही सांगितलं. आमच्याकडे आडनावावरून कळणाऱ्याला लगेच कळतं.

मग तीच बाई, तोच आवाज. "नागपूरकडची का तू?"

तू.

अधिकाऱ्याला काय कळणार काय झालं ते. त्याने माझ्यापुढे एक कागद सरकवला आणि बोटाने जागा दाखवली. इथे सही केली तर आज रात्रीच्या विमानाने परत, नाहीतर कोठडीत. बाईने ते मराठीत सांगितलं आणि पुढे स्वतःचं जोडलं, "करून टाक ना सही. कशाला त्रास देतेस त्यांना? तुमच्यासारख्यांमुळे आम्हा सगळ्यांचं नाव खराब होतं इथे."

तुमच्यासारख्यांमुळे. आम्हा सगळ्यांचं.

शाळेत पाण्याच्या माठापासून मला लांब उभं करायचे. वरून ओंजळीत पाणी ओतायचे. मी मान खाली घालून प्यायचे. वाटलं होतं, ते सगळं समुद्रापलीकडे राहिलं. राहिलं नव्हतं. माझ्याआधी येऊन फोनवर बसलं होतं.

मी तिला म्हटलं, "कागद वाचून दाखवा. सगळा."

ती वैतागली. भराभरा वाचू लागली. "मी माझा कायम निवासाचा दर्जा स्वेच्छेने सोडत आहे..."

"थांबा. काय म्हणालात?"

"स्वेच्छेने. म्हणजे स्वतःच्या इच्छेने."

"मला मराठी येतं."

माझी इच्छा? आईचं दुखणं माझी इच्छा होती? हा माणूस कोठडीची धमकी देतो, ही बाई मला तू म्हणते, आणि सही करायची ती माझ्या इच्छेने? मला ढकलायचं आणि वर लिहून घ्यायचं की हिनेच उडी मारली.

तोंडून नागपूरच निघालं, "काहून करू मी सही?"

बाई म्हणाली, "नीट बोल."

मी फोनकडे पाठ केली. अधिकाऱ्याकडे बघून म्हटलं, "नो. आय विल नॉट साइन. इट इज नॉट माय विल."

तो ओरडला. मी बसून राहिले. तो गेला, त्याचा वरिष्ठ आला, त्याने परत तेच विचारलं, मी परत तेच सांगितलं. त्याचा चेहरा आंबट झाला. म्हणाला, मग जजपुढे जावं लागेल. म्हणजे जज होता. इतका वेळ कुणी सांगितलंच नव्हतं. माझी सही किंवा जजचा हुकूम, तिसरा रस्ता त्यांच्याकडे नव्हताच. म्हणून तर सहीची एवढी घाई.

कार्ड ठेवून घेतलं. पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मारला. सुनावणीची नोटीस हातात दिली आणि सोडलं.

बाहेर मुलगी रडून लाल झाली होती. गाडीत म्हणाली, "आई, व्हाय डिड यू फाइट विथ देम? दे कुड हॅव लॉक्ड यू अप!"

"हो, टाकलं असतं आत."

"अँड देन?"

"तरी सही नसती केली."

आता वकील पाहिला आहे. सुनावणी व्हायची आहे. वकील म्हणतो, केस चांगली आहे, पण सांगता येत नाही. त्या बाईचीही तक्रार दिली. ओळखीच्या काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं, आपल्याच माणसाची तक्रार कशाला?" मी त्यांना विचारलं, आपलं कोण? त्यांनी विषय बदलला.

जजने विचारलं तर सांगणार आहे, आईसाठी गेले होते, आणि पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा गेले असते. माफी मागणार नाही. हरले तर हरले. त्यांनी मला घालवलं, असं त्यांच्याच कागदावर त्यांच्याच हाताने लिहावं लागेल. मी आपणहून गेले असं कुणालाही लिहू देणार नाही.