मोजणीआधी पुरलेला तांब्या

निवृत्तीनंतर बरेचसे गुन्हे मी विसरलो, पण तांब्याची ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

मूळचा मी सातारचा. नोकरी मात्र सगळी राजस्थान पोलिसांत झाली. तेव्हा जयपूरच्या पूर्वेकडील एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो, तोच विमा कार्यालयातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ पत्नीसह आत आले. मुलगी इथल्याच रुग्णालयात डॉक्टर, म्हणून त्यांनी कानोत्याकडे प्लॉट घेतला होता. कुंपणाचे खड्डे खणायला गेले, तर एक शेतकरी आडवा आला. "बाबूजी, ये ज़मीन तो मेरी है!"

रजिस्ट्री पाहिली. तिच्यातला खसरा क्रमांक, म्हणजे आपल्याकडचा गट नंबर, भलत्याच जमिनीचा होता. पटवाऱ्याला, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याला, बोलावले. त्याने नकाशावर बोट ठेवले. "साब, ये तो नाले में है।"

"घेण्याआधी मोजणी का नाही करून घेतली?" मी विचारले.

"चूक माझी," काका म्हणाले. "दलाल मराठी बोलणारा निघाला. तीस वर्षं परमुलखात काढली, साहेब. आपल्या माणसाकडे मोजणी कशी मागायची?"

"म्हणजे विश्वास गेला पानिपतात!" मी चेष्टेने म्हणालो.

काकू खाली मान घालून पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "बदल्यांमध्ये अकरा घरं लावली. एकाही भिंतीत मनासारखा खिळा ठोकता आला नाही. एक अंगण हवं होतं हो, बस."

गुन्हा दाखल केला. दलाल फरार होता. आठवड्याने आमच्या हवालदाराला खबर लागली, की तो रविवारी दुसऱ्या एका कुटुंबाला तीच जागा दाखवायला नेणार आहे. आम्ही साध्या कपड्यांत त्या जागेजवळच्या धरणावर, सहलीच्या गर्दीत बसलो आणि त्याला तिथेच उचलले.

चौकशीला बसल्याबरोबर तो म्हणाला, "साहेब, आपण आपलीच माणसं." खरे सांगतो, घराबाहेर मराठी ऐकून मला कित्येक महिने झाले होते. मी चहा मागवला. गावच्या यात्रा, कंदी पेढे, अजिंक्यतारा, सगळे निघाले. जीव गावाकडे ओढ घेत होता आणि समोर बसला होता आरोपी! मुद्द्यावर येताच गडी पालटला. "मी त्यांना नाल्याचीच जागा दाखवली होती. आता तेच उलटलेत." त्याने शेतकऱ्याची जमीन दाखवली होती, याला पुरावा माझ्याकडे नव्हता.

मी काकूंना पुन्हा बोलावले आणि त्या दिवशी काय काय झाले, ते क्रमाने सांगायला सांगितले.

"भूमिपूजन केलं. खेजडीच्या झाडाखाली तांब्या पुरला. त्यात माझ्या माहेरची मूठभर माती होती."

मी दलालाला दुसरा चहा पाजला आणि सहज विचारले, "काय हो, पूजा तरी नीट झाली का त्यांची?"

"झाली की! नाल्याच्या जागेवरच केली. खड्डा मीच तर खणला."

त्याचा जबाब तसाच नोंदवून घेतला. दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष त्या शेतकऱ्याच्या जमिनीत, खेजडीखाली खणले. हातभर खाली तांब्या लागला. दलालाने तो पाहिला. तिथेच सगळे कबूल केले.

त्याला शिक्षा झाली, पण अंगण काही मिळाले नाही. तांब्या मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या कपाटात पडून राहिला. न्यायालयाने तो परत करायला सांगितला, तोपर्यंत काका गेले होते. मी स्वतः तो घेऊन दुर्गापुऱ्याला, काकूंच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलो.

त्यांनी पावतीवर सही केली. तांब्यातली माती गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतली आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलल्या.

"साहेब, हे पटवाऱ्याला बोलावणारच होते. तारीखही ठरवली होती. मीच म्हटलं, राहू द्या, इतक्या वर्षांनी आपल्याकडचा माणूस भेटलाय, त्याला काय वाटेल? ठाण्यात यांनी सगळं स्वतःवर घेतलं. घरी येऊनही एका शब्दानं बोलले नाहीत मला."

मला माझा तो पानिपताचा विनोद आठवला. काकांनी तो मुकाट्याने ऐकून घेतला होता.

आता जमीन घेणारा कोणी सल्ला विचारायला आला, की मी सांगतो: विकणारा सख्खा भाऊ असला तरी आधी मोजणी करा, आपण उभे आहोत ती आणि कागदावरची जागा एकच आहे ना ते पाहा, आणि मगच नारळ फोडा. मोजणी मागितली म्हणून आपला माणूस रुसत नाही. रुसला तर तो आपला नव्हेच. हे सांगणे सोपे आहे. पण परमुलखात कोणी मराठीत हाक मारली, की आजही माझा हात आधी चहा मागवायलाच उठतो.