रविवारपर्यंत थांबवलेलं पाऊल

आमचे जावई सुधन्वा मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतात. मापात न बसणारा भाग बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. ते काम ते घरी घेऊन येतात, ही माझी तक्रार आहे. पण जावयाला अहो-जाहो करायची आमची पद्धत, त्यामुळे ती तक्रार मला तोंडावर करता येत नाही.

माझी मुलगी केतकी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. तिला दिल्लीत आर. के. पुरममध्ये क्वार्टर मिळालं आहे आणि मी तिथे नातवाला, नचिकेतला, सांभाळते. सुधन्वा पहाटे कंपनीची बस पकडायला निघतात तेव्हा पोर झोपलेलं असतं आणि ते परततात तेव्हाही. त्यामुळे नचिकेतचं पालथं पडणं, रांगणं, उभं राहणं, सगळं त्यांनी फोनवर पाहिलं. पहिला शब्द मी फोनवरून थेट ऐकवला, तर पलीकडे मशीनचा गडगडाट.

"काय म्हणाला, आई? बाबा म्हणाला?"

"चलो म्हणाला."

"चलो? आपल्या घरात?" जणू मीच बसून शिकवलं होतं.

मग तो चालायलाही लागला, तेही अर्थात बुधवारी. महिनाभराने एका रविवारी सुधन्वा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "आई, उंबरा ओलांडेल तेव्हा तरी मला समोर असायचंय. एक तरी गोष्ट डोळ्यांनी बघायचीय."

आमच्याकडे मूल पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडतं, तेव्हा उंबऱ्यावर मुरडीचा कानवला ठेवतात. बाहेर गेलेलं पाऊल घराकडे मुरडावं म्हणून. बापाचं मागणं रास्त होतं. अडचण एवढीच, की सरकारी क्वार्टरला उंबराच नाही. नचिकेत महिनाभर व्हरांड्यात ये-जा करत होता.

"ते धरायचं नाही," सुधन्वा म्हणाले. "उंबराच नाही तर ओलांडणार काय?"

दुपारी त्यांनी कारखान्यातून आणलेली पॅकिंगची फळी घासून गुळगुळीत केली आणि दारात चिकटवली.

"यार सुधन्वा, सरकारी दार आहे ते," केतकी म्हणाली.

"खिळा एकही मारलेला नाही. आणि उंची त्याच्या गुडघ्याच्या हिशेबाने घेतलीय."

गोंद नीट वाळायला हवा, म्हणून सोहळा पुढच्या रविवारी ठरला. तोपर्यंत पोराला अडवायचं. कोणी? अर्थात मी.

ज्या मुलाने चालावं म्हणून आम्ही टाळ्या वाजवून हात लाल केले, त्याला मी आठवडाभर चालू दिलं नाही. दारासमोर खुर्ची ठेवली, तर ती ढकलायला शिकला. चपलांचं रॅक आडवं लावलं, तर त्यावर चढायला शिकला. तीही प्रगतीच होती, पण ती फोनवर टिपायला माझा हात मोकळा नव्हता. कचरेवाला यायचा, इस्त्रीवाली यायची. प्रत्येक वेळी दार उघडायचं आणि पोराला काखेत धरायचं. तो फळीकडे धावला की मी उचलायची, की तो किंचाळायचा.

"अहो, कैदेत का ठेवलंय लेकराला?" समोरच्या कुमुदताईंनी विचारलं.

"रविवारी सुटका आहे."

"जामिनावर का?"

गुरुवारी त्याने एक पाय फळीवर ठेवलाच. सुधन्वांचा फोन आला तेव्हा मी ते सांगितलं.

"दोन्ही पाय पलीकडे गेले?"

"नाही."

"मग चालेल," ते म्हणाले. माझ्या कमरेचं चालेल का, ते विचारलं नाही.

रविवारी मी कानवले तळले. केतकीने रांगोळी काढली, कुमुदताई आल्या. सुधन्वा व्हरांड्यात उकिडवे बसले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "ये राजा."

राजा फळीपर्यंत गेला, थांबला आणि खाली बसला. मग त्याने माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. दाराशी गेलं की आजी उचलते, एवढं तो आठवड्यात पक्कं शिकला होता. किल्ल्या दाखवल्या, बिस्किट दाखवलं, मोबाईलवर गाणी लावली. तो फळीवर चमचा आपटत बसून राहिला. कानवले गार झाले.

"तुम्हीच शिकवलंत त्याला," कुमुदताई हसल्या. सुधन्वांनी माझ्याकडे बघितलं. मी कढईकडे बघितलं.

"दही संपलंय," शेवटी केतकी म्हणाली. सुधन्वा उठले. बूट घातले, पिशवी खांद्याला लावली आणि जिन्याकडे निघाले.

बापाला बूट घालून, पिशवी घेऊन निघताना नचिकेतने कधी पाहिलंच नव्हतं. रोज ते होतं तेव्हा तो झोपलेला असतो. तो उठला, चौकट धरली, "चलो" म्हणाला आणि एक पाय, मग दुसरा पाय टाकून फळीच्या पलीकडे गेला. सुधन्वांची पाठ होती. आम्ही हाका मारेपर्यंत पोराने त्यांच्या गुडघ्याला मिठी घातली होती.

"ओलांडला?"

"ओलांडला."

"दोन्ही पाय?"

"दोन्ही," केतकी म्हणाली.

त्यांनी त्याला उचललं, आत आणून ठेवलं आणि म्हणाले, "परत एकदा." नचिकेत खाली बसला.

"सुधन्वा, पुरे कर," मी म्हणाले. "तो कोणाच्या मागे धावला ते तरी बघ."

अहो-जाहो त्या क्षणी कुठे गेलं, कोण जाणे. केतकीने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. सुधन्वा पोराला कडेवर घेऊन दही आणायला गेले. मी फळीवर कानवला ठेवला.

सोमवारी त्यांच्या डब्यातही एक कानवला घातला. ते अंधारात निघाले आणि त्यांचा बूट त्याच फळीला अडकला. धाडकन आवाज झाला. नचिकेत उठला आणि "चलो, चलो" करत दाराशी धावला. त्याला पोटाशी धरून उभं राहण्यात त्यांची बस चुकता चुकता राहिली.

रात्री ते परतल्यावर मी म्हणाले, "आता ती फळी काढून टाका."

"राहू दे आई," ते म्हणाले. "मी रोज अडखळेन."

आणि पहाटे उठून बसलेलं पोर सांभाळायचं कोणी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.