तिसगावचा पाडवा

नगरची पहिली गाडी पकडली तेव्हा दिवाळीची पहाट होती आणि सगळं पुणं उटणं लावून न्हात होतं. लोक दिवाळीला घरी येतात. आम्ही दोघं घरातून पळत होतो. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं तिथं दिवाळीला कढई चढवत नाहीत, शेजारीपाजारी फराळाची ताटं आणून देतात. आदल्या दिवशी शेजारच्या वहिनी तसलं झाकलेलं ताट घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आमच्याकडे कुणीही गेलेलं नव्हतं. पण मागच्या दिवाळीत आमचा एकुलता मुलगा श्रीधर पिऊन घरी आला, तेव्हा साऱ्या चाळीसमोर मी त्याला म्हणालो होतो, "आजपासून तू आम्हाला मेलास." तो निघून गेला. आणि यंदा इंदूने, माझ्या बायकोने, कढईच चढवली नाही. वहिनींनी काय समजायचं ते समजून घेतलं. मी भडकलो, तर इंदू शांतपणे म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना? मग वर्ष पाळायला नको?"

श्रीधरला तिसगावला दुष्काळी कामावर मस्टर (मजुरांचा हजेरीपट) लिहिताना ओळखीच्या एकाने पाहिलं होतं. त्याला घेऊनच परत यायचं, असं मनाशी ठरवून मी तिकिटं काढली. जन्मभर टपालखात्यात दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आणि स्वतःच्या मुलाला वर्षभरात एक कार्ड टाकलं नाही.

नगरला चहा बरा मिळाला, भजी मात्र शिळी निघाली. तिथून पाथर्डीची गाडी धरली. एरवी या दिवसांत दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याला लागते. त्या वर्षी नुसती करडी ढेकळं होती, आणि रस्त्याच्या कडेला ऐन दिवाळीत बायका खडी फोडत बसल्या होत्या. करंजीच्या घाटात इंजिन तापलं. कंडक्टर बादली घेऊन उतरला आणि बऱ्याच वेळाने तशीच रिकामी बादली हलवत परत आला. मग उतारूंनी आपापले तांबे काढले. पहिला तांब्या इंदूने दिला.

शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "लेकाकडं निघाल्या जनू?"

"हो, तिसगावला."

"मंग पानी राखून ठिवायचं हुतं, बाई. तितं लई वढाताण हाय पान्याची."

असं म्हणत तिने पदराच्या गाठीतून मूठभर सुकडी (कामावर मजुरांना वाटतात तो गोडसर पौष्टिक भुगा) काढली आणि इंदूच्या हातावर ठेवली. इंदूने त्यातली चिमूटभर मला दिली. आमचा त्या दिवाळीचा फराळ तेवढाच.

तिसगावात पोचायला दुपार टळली. कारकुनाची खोली विचारत आम्ही चांदबीच्या दारात गेलो. तिचा नवरा गावोगाव बांगड्या विकायचा आणि पुढची एक खोली तिने श्रीधरला भाड्याने दिली होती. त्या वर्षी ईद दिवाळीच्या पाठोपाठच आली होती. अंगणात बाजेवर शेवया वाळत होत्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने मला जरा जास्तच वेळ न्याहाळलं.

"बसा. माजा रोजा हाय, पन तुमाला च्या करते."

मी नको म्हणालो तरी तिने चूल पेटवली. धुरात डोळे मिचकावत तिने न विचारताच सांगून टाकलं. "मानूस लाखात येक हाय. दोन-दोन, तीन-तीन दिस पीत न्हाई. मंग येकदा पितो. पिला की आईचं नाव घेऊन रडतो."

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुमचं न्हाई घेत," ती म्हणाली.

दिवेलागणीला श्रीधर आला. आम्हाला पाहून दारातच थबकला. पाया पडायला वाकला आणि अर्ध्यावर थांबला. तोंडाचा वास येईल म्हणून असावं. आईला म्हणाला, "बारीक झालीस गं." माझ्याशी एक शब्द बोलला नाही. चांदबीने मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. भाकरी चावताना घास तोंडात फिरत होता. श्रीधर लांब भिंतीशी बसून जेवला आणि तिथंच आडवा झाला.

सकाळी पाडवा; चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी आली होती. इंदूने चांदबीकडे वाटीभर तेल मागितलं. टँकर दोन दिवस आलेला नव्हता, घरात एकच घागर भरलेली. चांदबीने त्यातलं निम्मं पाणी तापायला ठेवलं. "अहो, तुम्हाला?" इंदूने विचारलं. "मला वजूपुरतं (नमाजाआधी हातपाय धुण्यापुरतं) ऱ्हातंय की," ती म्हणाली.

अंगणात पाटावर श्रीधर उघडा बसला, तीस वर्षांचा बाप्या. इंदूने त्याच्या डोक्यावर तेल घातलं, केसांतून हात फिरवले, आणि मला म्हणाली, "पाठ तुम्ही चोळा."

मी चोळू लागलो. हाताला बरगड्या लागत होत्या. त्याचं तोंड पलीकडे होतं म्हणूनच मला बोलता आलं. "श्रीधर, मी तसं बोलायला नको होतं. माझं चुकलं. घरी चल."

तो समोरच बघत म्हणाला, "बाबा, पुण्यात मी दारुड्या श्रीधर आहे. सगळ्या आळीला माहीत आहे. इथं मी कारकून आहे. इथं दोन दिवस तरी निभतात. तिकडं आलो तर एकही निभणार नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"मी मेलेलो नाही, एवढं धरून चाला."

इंदूने त्याच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला. निम्म्या घागरीची ती आंघोळ लवकरच संपली. तो मस्टर काखेत मारून कामावर गेला. वळणावर त्याने एकदा मागे पाहिलं.

त्याला घेऊन यायला गेलो होतो, रिकाम्या हातांनी परतलो. गाडीत मी हिशेब मांडत बसलो होतो, की मुलाला हाकलायला मला एक वाक्य पुरलं आणि त्याला बोलवायला सबंध जन्म पुरेल की नाही कोण जाणे. नगरहून पुण्याच्या गाडीत समोर एक गृहस्थ बायकामुलांसह बसले होते. भाऊबिजेला बहिणीकडे निघाले होते. गप्पांच्या ओघात त्यांनी विचारलं, "आपल्याला मुलंबाळं?"

वर्षभर या प्रश्नावर मी काहीतरी दुसरंच बोलून वेळ मारून नेत असे.

"एक मुलगा आहे," मी म्हणालो. "तिसगावला असतो."

"दिवाळीला आला नाही वाटतं?"

"नाही. यंदा आम्हीच जाऊन आलो."

इंदूने तोंडाला पदर लावला आणि घोडनदी येईपर्यंत ती रडत होती. तो गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.